अठरा दिवसांची हजेरी

४ मार्च

ताई,

तुझं पाकीट मिळालं. वर तुझ्या अक्षरातला माझा पत्ता पाहिला आणि जिन्यातच उभं राहून ते फोडलं. आत आयकर खात्याची नोटीस होती, अण्णांच्या घरच्या पत्त्यावर माझ्या नावाने आलेली. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोटं घालून पाहिलं. तुझी एक ओळसुद्धा नव्हती. तरी तू ती नोटीस कचऱ्यात न टाकता एवढ्या लांब पाठवलीस, वर टपालखर्च केलास, त्याबद्दल आभार. सख्ख्या बहिणीचे आभार मानताना कसंसंच होतं, पण मानतो.

फोन करून पाहिला. भाऊजींनी उचलला आणि म्हणाले, ती अंघोळीला गेलीय. दुपारी केला तेव्हाही तू अंघोळीला, संध्याकाळीही अंघोळीला. त्यांना म्हणावं, थाप मारायचीच तर जरा बदलून मारा, एवढ्या अंघोळींनी माणूस विरघळून जाईल. पण बिचाऱ्यांचा आवाज इतका पडला होता की मी फार ताणलं नाही. मेसेज पाठवला तर तू वाचल्याची खूण दिसते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आता कागद. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

काम एवढंच आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून मी अण्णांच्या खोलीत बसून इथल्या कंपनीचं काम करत होतो. त्या दिवसांच्या पगारावर आता तिकडच्या सरकारला कर हवा आहे. इथल्या सरकारने त्याच पगारावरचा कर आधीच कापून घेतला आहे. दोन्हीकडे भरायचा नसेल तर कुठल्या दिवशी तिथे बसून काम केलं आणि कुठल्या दिवशी रजा होती, हे दिवसवार दाखवावं लागतं. कंपनीच्या कॉम्प्युटरला मी किती तास काम केलं ते ठाऊक आहे, कुठे बसून केलं ते नाही. अण्णांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर असेल. त्यात सगळं लिहिलेलं आहे. ते तेवढं पाठवशील का? रजिस्टर पोस्टाने पाठव, खर्च मी देईन.

बाकी ठीक.

टिल्लू


२३ मार्च

ताई,

कॅलेंडर आलं नाही. तुझी अंघोळही अजून संपलेली नाही.

मी एक करसल्लागार बाई गाठल्या आहेत. तिकडच्याच आहेत, फोनवर बोलतात, मागे त्यांचा कुत्रा भुंकत असतो. बाई फटकळ आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "साहेब परदेशी, पगार परदेशी, बँक परदेशी, म्हणून करही परदेशीच असं वाटलं ना तुम्हाला? तुमची खुर्ची कुठे होती ते सांगा." मी सांगितलं, खुर्ची अण्णांची होती, शाळेने निवृत्तीच्या वेळी दिलेली, डावा हात तुटलेली. एवढी माहिती त्यांना नको होती. त्यांना हवा होता पुरावा, तोही त्याच वेळी, रोजच्या रोज लिहून ठेवलेला. मी म्हटलं, आहे, माझ्या वडिलांनी ठेवलेला. वडील काय करायचे? शाळेत कारकून होते, एकतीस वर्षं मस्टर सांभाळलं. यावर बाई पहिल्यांदा खूश झाल्या.

तू दुकानात चष्म्याच्या काचा घासत असायचीस, म्हणून हे कसं सुरू झालं ते तू पाहिलेलं नाहीस. मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबल खिडकीशी ओढलं, लॅपटॉप उघडला आणि एका इस्पितळाच्या पाइपांचे आराखडे काढायला बसलो. अण्णा उशीवरून बघत होते.

"साहेब कुठाय तुझा?"

म्हटलं, तिकडे.

"मग तू बसलायस का झोपलायस, हे त्याला कसं कळणार?"

म्हटलं, कळत नाही, विश्वास ठेवतात.

ते एवढे हसले की खोकल्याची उबळ आली. पाणी पाजलं, पाठ चोळली. एकतीस वर्षं मस्टर सांभाळलेल्या माणसाला विश्वास या गोष्टीची गंमतच वाटणार. मग म्हणाले, "ते कॅलेंडर काढून आण इकडे. आणि दोन पेनं. एक लाल."

त्या दिवसापासून मी खुर्चीत बसलो की ते त्या तारखेच्या चौकोनात 'ह' लिहायचे. हजर. मी सुट्टी काढून त्यांना डॉक्टरांकडे नेलं तर 'र'. शनिवार-रविवार आडवी रेघ. दहा मिनिटं उशिरा बसलो तर 'ह'च्या खाली लाल टिंब. कंपनीने मला आजवर एकदाही लेटमार्क दिलेला नाही, अण्णांनी सात दिले. एकदा तर मी त्यांचंच पांघरूण बदलत होतो म्हणून उशीर झाला होता. ते सांगितलं तर म्हणाले, कारण वेगळ्या रकान्यात जातं.

आईचं आठवतंय ना? दोघं एकाच शाळेत, ती शिक्षिका, हे कारकून. मला ताप भरला म्हणून तिला पोचायला पंधरा मिनिटं उशीर झाला. ताप आहे हे यांना घरातूनच माहीत होतं. तरी तिच्या नावापुढे लाल शाई. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "माझी एक खूण सोडून दिली असती तर शाळा पडली असती का?" अण्णा म्हणाले, "शाळा नसती पडली. मस्टर पडलं असतं." तू तेव्हा हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावलास आणि तुला ठसका लागला.

म्हणून सांगतो, त्या कॅलेंडरइतका खरा कागद माझ्याकडे दुसरा नाही. तू रागावलेली आहेस हे कबूल. पण साहेबांनी बोलावलं म्हणून मला निघावं लागलं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. नोकरीपुढे इलाज नसतो. कॅलेंडर मात्र पाठव.

टिल्लू


१० एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. साहेबांनी मला बोलावलं नव्हतं.

करसल्लागार बाई माझ्या तारखा तपासत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "एकोणतीस जुलैला का निघालात? वडील आजारी होते म्हणता ना?" आणि ज्या बाईला मी कधी पाहिलेलंही नाही, तिला मी दोन मिनिटांत खरं सांगून टाकलं. तुला आठ महिन्यांत सांगितलं नाही.

साहेब म्हणाले होते, वडील आहेत, हवं तितकं राहा. हेच शब्द. कंपनीने फक्त एक नियम कळवला होता. त्या देशात एका वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस झाले, की मी तिथला रहिवासी धरला जाणार आणि माझ्या सबंध वर्षाच्या पगारावर तिकडचा कर लागणार. तो ज्याचा त्याने बघावा. मी आकडेमोड केली. अडीच महिन्यांचा पगार जात होता. फ्लॅटचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते, खिसा आधीच फाटलेला. ही सबब नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतोय.

लॅपटॉपमध्ये मी एक तक्ता केला होता. रोज संध्याकाळी काम संपलं की त्यात एक दिवस वाढवायचो. म्हणजे एकाच खोलीत अण्णा भिंतीवर माझे दिवस मोजत होते आणि मी टेबलावर. जुलैचे पहिले पंधरा दिवस तर मला औषधांच्या वेळा आठवायच्या नाहीत, पण किती दिवस उरले हे झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

डॉक्टरांनी आपल्या दोघांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं होतं, तीन आठवडे, फार तर चार. त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं. तुला म्हटलं, साहेबांचा फोन आला, नाही गेलो तर नोकरी जाईल. अण्णांच्या उशीचा अभ्रा बदलत होतीस तो बदलत राहिलीस.

निघायच्या सकाळी अण्णांच्या पायांना हात लावला. ते म्हणाले, "साहेबाने बोलावलंय ना?" मी हो म्हणालो. "मग जा. हजेरी चुकवू नये." ताई, मी त्या माणसाशी त्याच्याच भाषेत खोटं बोललो. दुसरं कुठलंही कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला थांब म्हटलं असतं, असं मला आता वाटतं. हजेरी म्हटल्यावर ते कसे अडवणार होते?

मी बॅग उचलून निघालो तेव्हा त्यांनी खूण करून चष्मा मागितला. तू तो त्यांच्या कानांवर नीट बसवलास, दोन्ही काड्या बघून. मी दारापर्यंत जाईतो ते बघत राहिले असतील. मी मागे वळलो नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही.

टिल्लू


११ एप्रिल

ताई,

काल पत्र पेटीत टाकलं, अर्ध्या रस्त्यातून परत आलो आणि पेटीपाशी उभा राहिलो. एक बाई विचारून गेल्या, काही हरवलंय का. मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आज.

एकोणतीस जुलैला माझे एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस झाले होते. एकशे ब्याऐंशीपर्यंत काही बिघडत नव्हतं. मग मी चार दिवस आधी का निघालो, हे तू मला विचारलं नाहीस, कारण तुला आकडे माहीतच नव्हते. ते चार दिवस मी राखून ठेवले होते. अण्णा गेल्यावर यावं लागेल, त्यासाठी. ते पलंगावर बसून माझी हजेरी लिहीत होते आणि मी त्यांच्या मरणासाठी दिवस बाजूला काढत होतो.

सतरा ऑगस्टला ते गेले. अठराला मी आलो, एकवीसला निघालो. दारात तू म्हणालीस, "चार दिवस काय मोजून आणले होतेस का?" तू रागाने बोललीस. मला वाटलं, हिने तक्ता पाहिला. मी बॅग उचलली आणि जिना उतरलो. तुझ्याशी त्यानंतर बोललेलो नाही. तू बोलत नाहीस असं मी सगळ्यांना सांगत आलोय, पण आधी गप्प मी बसलो.

आता शेवटचं. मी बाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा कुत्रा भुंकत होता, त्याला त्यांनी गप्प केलं. मग विचारलं, "तुम्ही जानेवारीपासून मोजलंत का?" म्हटलं, हो, वर्ष जानेवारीपासूनच मोजतात. त्या म्हणाल्या, "तुमच्या कंपनीकडे मोजत असतील. कुठे एप्रिलपासून मोजतात. आमच्या या देशात करवर्ष एक जुलैला बदलतं. एक जुलैला तुमची मोजणी पुन्हा शून्यावर आली होती. डिसेंबर संपत येईतो राहिला असतात, तरी ते एकशे त्र्याऐंशी भरले नसते."

मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, तिसऱ्यांदा बऱ्याच हळू आवाजात.

सल्लागाराची फी वाचवली होती मी. इंटरनेटवर कुठलं तरी पान वाचून तक्ता केला, त्याला रंगसुद्धा दिले. हिरवा, पिवळा, शेवटचे दिवस लाल. लहानपणापासून मी स्वतःला शहाणा समजतो, हे तू मला अनेकदा ऐकवलं आहेस. एक फोन केला असता तर त्या बाईंनी मला पाच मिनिटांत सांगितलं असतं, आणि मी खुर्चीत बसून राहिलो असतो. अण्णांच्या शेवटच्या दिवशी तू एकटी नसतीस. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. ते तू एकटीने कसं केलंस, हे मी आजवर विचारलेलं नाही.

अण्णा गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. काल फोन ठेवल्यावर आलं. स्वयंपाकघरात खाली बसलो. मी अण्णांना सोडून आलो, ताई, आणि ज्यासाठी आलो ते नव्हतंच.

कॅलेंडर नको पाठवूस. असू दे तिथेच.

टिल्लू


१९ मे

ताई,

कॅलेंडर आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून, चारी कडांना चिकटपट्टी लावून, दुकानातून काचा पाठवतेस तसं. सोडवायला मला अर्धा तास लागला. सुरी लावायची भीती वाटत होती.

फेब्रुवारीपासून एकेक पान बघत आलो. 'ह', 'ह', 'र', रेघा, लाल टिंबं. टिंबं सात नाहीत, नऊ आहेत. एप्रिलमध्ये एका 'र'च्या बाजूला बारीक अक्षरात 'रक्त तपासणी, मला' असं लिहिलंय, म्हणजे रजा माझी आणि कारण त्यांचं. जुलैचं पान आलं. एकोणतीसला 'ह'. निघण्याआधी मी तासभर बसलो होतो, तेवढी हजेरी त्यांनी धरली.

तीस जुलैलाही 'ह' होता.

मला वाटलं, औषधांच्या गुंगीत लिहिलं असेल. पान उलटलं. एक ऑगस्ट 'ह'. दोन 'ह'. शनिवार-रविवारीसुद्धा रेघ नाही, 'ह'च. अक्षर उतरत गेलंय, शिरोरेघ कुठे आणि वळण कुठे, पण चौकोन एकदाही चुकलेला नाही. अकरा तारखेपासून अक्षर तुझं आहे. तेव्हा मी ते बाजूला ठेवलं आणि पुठ्ठ्याला टाचलेली तुझी चिठ्ठी वाचली. आता ती पाठ झाली आहे.

'तू गेलास हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. टिल्लू नीट पोचला का, हे रोज विचारायचे. दहा तारखेपर्यंत त्यांनी स्वतः लिहिलं. नंतर पेन धरवेना, तर मला लिहायला लावलं. मी म्हटलं, अण्णा, तो इथे नाहीये. ते म्हणाले, लिही. सोळापर्यंतचं त्यांचं आहे. सतराचं माझं.'

सतरा ऑगस्टच्या चौकोनात 'ग' आहे. लाल शाईने, ठळक. गैरहजर.

मी बाईंना पानांचे फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, नोंद उत्तम आहे, असा पुरावा कुणी आणत नाही. पण अधिकारी पुढची पानं मागणार. पासपोर्ट सांगतो तुम्ही एकोणतीसला देश सोडलात, भिंत सांगते तुम्ही सोळा ऑगस्टपर्यंत खुर्चीत बसला होतात. मग बाकीच्या नोंदींवर त्याने का विश्वास ठेवायचा? उपाय सोपा आहे म्हणाल्या. एक कागद जोडायचा. तीस जुलै ते सोळा ऑगस्ट या अठरा नोंदी खोट्या आहेत, त्या लिहिणाऱ्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. खाली माझी सही.

मजकूर त्यांनीच लिहून पाठवला. मी तो समोर ठेवून बसलो. ज्या माणसाने स्वतःच्या बायकोची पंधरा मिनिटं सोडली नाहीत, त्याने अख्ख्या आयुष्यात अठरा खोट्या खुणा केल्या, आणि अठराच्या अठरा माझ्यासाठी. मन थाऱ्यावर असताना केल्या. ते मी खोडून द्यायचं होतं, थोडे पैसे वाचावेत म्हणून. एकदा दिवस वाचवून पाहिले आहेत मी.

सही केली नाही. कॅलेंडर दिलंच नाही. बाईंना म्हटलं, माझ्याकडे पुरावा नाही, दोन्हीकडे भरून टाका. दंड आणि व्याज धरून दोन महिन्यांचा पगार गेला. बाई भडकल्या. म्हणाल्या, "भावनेच्या भरात कर भरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय." फी मात्र त्यांनी अर्धीच घेतली.

तू म्हणशील, हे शहाणपण तेव्हा का नाही सुचलं. नाही सुचलं. पैसे भरल्याने त्यातलं काही भरून आलं असंही मी समजत नाही. तू कॅलेंडर पाठवलंस म्हणजे मला माफ केलंस असंही समजत नाही. तसं असतं तर सतराचा चौकोन तू कोरा सोडला असतास.

तो 'ग' तसाच राहू दे. अण्णांनी तुला सहा दिवस खोटं लिहायला लावलं आणि तू ते लिहिलंस, मनात नसताना, माझ्यासाठी नव्हे तर त्यांच्यासाठी. सातव्या दिवशी सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तू खरं लिहिलंस. अण्णांच्या जागी तूच बसायला हवी होतीस शाळेत.

मी अकरा जूनला येतोय. कॅलेंडर पोस्टाने परत पाठवायचा धीर होत नाही, हातात घेऊन येतो. ते त्याच खिळ्याला लावायचं आहे. तू दुकानात असशील, तर येईपर्यंत पायरीवर बसेन. तू आत घेतलं नाहीस तर भाऊजींच्या हातात देईन आणि जाईन, त्यांना थाप मारायला लावू नकोस. परतीचं तिकीट काढलेलं नाही. साहेबांना सांगितलंय, किती दिवस ते माहीत नाही.

टिल्लू

ता. क. अठरा ते एकवीस ऑगस्ट, चारही चौकोन कोरे आहेत. मी त्या दिवसांत घरात होतो. भरू नकोस.